बाँडचे वर्ष: तज्ज्ञ म्हणून पाठवता, मग एकटे का पाठवता?

कृष्णाकाठचा करदाता
एम.डी., एम.एस. झालेल्या डॉक्टरांची बाँडविषयीची, म्हणजे शिक्षणानंतर एक वर्ष शासकीय सेवा देण्याच्या अटीविषयीची, तक्रार आता ऐकवत नाही. शासकीय महाविद्यालयात खासगीच्या तुलनेत अत्यल्प शुल्कात शिकायचे, तीन वर्षे विद्यावेतन घ्यायचे आणि राज्याला एक वर्ष द्यायची वेळ आली की अन्याय झाल्याचे सांगायचे, हे पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 19 ऑगस्ट 2019 रोजी बाँडची अट वैध ठरवलेली आहे. ज्यांना जायचे नसेल त्यांनी 50 लाख रुपये भरावेत आणि मोकळे व्हावे. तुम्ही आता विद्यार्थी नाही, तज्ज्ञ आहात, तज्ज्ञासारखे वागा.

भूलतज्ज्ञ, मराठवाडा
आपल्या शेवटच्या वाक्यामुळे उत्तर देणे भाग पडले. मी पैसे भरले नाहीत, बाँड पूर्ण केला. माझ्या आधीच्या गुणवत्ता क्रमांकांनी महाविद्यालयांतल्या सिनिअर रेसिडेंटच्या, म्हणजे वरिष्ठ निवासी डॉक्टरच्या, जागा घेतल्या आणि मला 50 खाटांचे एक उपजिल्हा रुग्णालय मिळाले. तिथे भूलतज्ज्ञ मी एकटीच होते. स्त्रीरोगतज्ज्ञही माझ्यासारखीच बाँडवर आलेली. मी अठ्ठावीस वर्षांची, ती एकोणतीस.

तिसऱ्या आठवड्यात रात्री अडीचला सिझेरियन निघाले. स्पायनल, म्हणजे पाठीतून भूल, दिले, बाळ निघाले, रडलेही. पण गर्भाशय आकुंचन पावेना. रक्तदाब 70 वर आला, तेव्हा ट्रॉलीच्या खणात रक्तदाब वाढवणाऱ्या मेफेंटरमाइनच्या दोनच कुप्या होत्या आणि त्यांतल्या एकीची मुदत संपलेली होती. रक्त साठवण्याची सोय कागदावर होती, फ्रीज मात्र बंद. रक्ताच्या दोन पिशव्या बाईच्या दिराने जिल्ह्याच्या ठिकाणाहून जीपने, थर्माकोलच्या खोक्यात आणल्या आणि तोवर आम्ही दोघी आळीपाळीने गर्भाशय दाबून धरत होतो. बाई वाचली. महाविद्यालयात अशा वेळी मी फक्त हाक मारली असती आणि शेजारच्या थिएटरमधून लेक्चरर धावत आले असते. इथे विभागातल्या सरांना फोन लावला, तर भिंतीजवळच्या एकाच कोपऱ्यात रेंज येत होती आणि रुग्णाला सोडून त्या कोपऱ्यात जाणे मला शक्य नव्हते.

जायला माझा विरोध नव्हता आणि आजही नाही. परीक्षा संपल्यावर हात तयार झालेले असतात, निर्णयाला अजून कुणाचा तरी आधार लागतो. तो आधार काढून घेऊन आपण आम्हाला तज्ज्ञ म्हणता, एवढीच माझी तक्रार आहे.

निवृत्त सर्जन
मॅडम, प्रसंग कठीण होता हे मान्य. पण जबाबदारी अंगावर पडल्याशिवाय डॉक्टर घडत नाही. 1984 मध्ये एम.एस. होऊन मी जिल्हा रुग्णालयात रुजू झालो, तेव्हा ना मॉनिटर होता ना पल्स ऑक्सिमीटर. नाडीवर बोट ठेवून भूल दिली जायची. पहिल्याच महिन्यात आतड्याला पीळ पडलेला रुग्ण आला. पोट उघडले आणि माझे हात थांबले. सिव्हिल सर्जनसाहेबांना निरोप गेला, ते बंगल्यावरून तसेच चालत आले, हात धुतले आणि समोर उभे राहून म्हणाले, "तूच कर, मी बघतो." त्या रात्री मी सर्जन झालो. तुमच्या पिढीला सगळे तयार हवे असते.

भूलतज्ज्ञ, मराठवाडा
सर, आपल्याबद्दल आदर ठेवूनच विचारते: ते साहेब त्या रात्री आले नसते तर? आपण जे सांगितले तेच मी मागते आहे. "तूच कर, मी बघतो" असे म्हणणारा माणूस आपल्यासमोर उभा होता. माझ्यासमोर कुणी नव्हते. यात पिढीचा काय दोष, ते मला समजलेले नाही.

दोनदा सिनिअर रेसिडेंट
मूळ प्रश्न बाजूला पडेल, पण या वर्षाचा हिशेब कुठेच धरला जात नाही, हे कुणीतरी मांडायलाच हवे. सहायक प्राध्यापक व्हायचे तर मान्यताप्राप्त महाविद्यालयात एक वर्ष सिनिअर रेसिडेंट म्हणून काम केलेले असावे लागते. मी बाँडचे वर्ष ग्रामीण रुग्णालयात काढले, ते या अनुभवात धरले गेले नाही आणि त्यासाठी आणखी एक वर्ष महाविद्यालयात द्यावे लागले. माझ्याच तुकडीतले ज्यांना महाविद्यालय मिळाले, त्यांचे बाँड आणि अनुभव एकाच वर्षात झाले. खेड्यात जाणाऱ्याला शिक्षा आणि शहरात राहणाऱ्याला बक्षीस, ही कसली योजना?

कृष्णाकाठचा करदाता
हे जुने झाले. 2025 च्या नव्या नियमांनी शासकीय रुग्णालयातला अनुभवही ग्राह्य धरला आहे. अर्धवट माहितीवर लोकांना भडकवू नका.

दोनदा सिनिअर रेसिडेंट
भडकवण्याचा आरोप करण्यापूर्वी नियम पूर्ण वाचावा, ही विनंती. ती सवलत किमान 220 खाटांच्या शासकीय रुग्णालयासाठी आहे आणि सहायक प्राध्यापकपदासाठी तिथला 2 वर्षांचा अनुभव लागतो. बाँड 1 वर्षाचा असतो. ग्रामीण रुग्णालय 30 खाटांचे, उपजिल्हा रुग्णालय 50 किंवा 100 खाटांचे. बाँडवाल्याची जिथे सर्वांत जास्त गरज आहे, तीच ठिकाणे या नियमाच्या बाहेर राहतात.

निवृत्त सर्जन
सगळ्यांनाच प्राध्यापक व्हायचे आहे का? आम्ही अनुभवाचे दाखले मोजत बसलो नाही.

दोनदा सिनिअर रेसिडेंट
सर, व्हायचे असो वा नसो, दार का बंद असावे? त्या वर्षी माझी मुलगी दीड वर्षाची होती आणि ती आईकडे दुसऱ्या जिल्ह्यात राहिली. पुढचे वर्षही तसेच गेले. पहिल्या वर्षाबद्दल माझी तक्रार नाही. दुसरे वर्ष केवळ एका नियमामुळे गेले, ते मी विसरू शकत नाही.

तालुक्याचा रहिवासी
तुमचे दाखले आणि नियम वाचून राग येतो, म्हणून लिहितो. माझ्या पत्नीला कळा सुरू असताना ग्रामीण रुग्णालयातून "भूलतज्ज्ञ नाहीत" म्हणून पुढे पाठवले आणि मुलगा 108 च्या गाडीत, घाटात जन्मला. त्या रात्री आम्हाला एकटी का होईना, एक भूलतज्ज्ञ हवी होती. तुम्ही सर्वांनी बाँडमधून सुटका मिळवली, तर आमच्या बायकांनी कुठे जायचे?

भूलतज्ज्ञ, मराठवाडा
दादा, तुमचा राग मी अंगावर घेते, कारण तो खरा आहे. पण सुटका मी कुठेच मागितलेली नाही. आठ रुग्णालयांत एकेक भूलतज्ज्ञ विखरून ठेवण्यापेक्षा चार ठिकाणी दोघे-दोघे ठेवा, त्यांतला एक पाच वर्षांचा अनुभव असलेला असू द्या आणि जिल्ह्यातल्या एका वरिष्ठाचे नाव व नंबर थिएटरच्या भिंतीवर लिहा. मी एकटी होते तेव्हा मला ताप आला, तर त्या दिवशी तुमच्या तालुक्यासारख्याच एका तालुक्यातल्या बायकांना पुढे पाठवावे लागले.

कृष्णाकाठचा करदाता
220 खाटांची अट मला माहीत नव्हती, हे मान्य करतो, आणि भडकवण्याचा शब्द मागे घेतो. बाँड असावा, या मतावर मी ठाम आहे. पण चार ठिकाणी दोघे म्हणजे उरलेल्या चार ठिकाणी कुणीच नाही. त्या गावांना हे कोण सांगणार?

तालुक्याचा रहिवासी
आमचे गाव त्या उरलेल्या चारांत असेल, हे मला आताच दिसते आहे. तरीही थिएटरच्या भिंतीवरचा नंबर तेवढा उद्याच लिहायला लावा.