समुद्राचे छायाचित्र: अंतःप्रेरणा की कारागिरी?

प्रश्न (सातारा): कुंभार्ली घाट उतरून गुहागरला गेल्यावर लाट फुटण्याचा क्षण मनाच्या कौलाने टिपावा, की भरती-ओहोटीचे गणित आधी मांडावे?

उत्तर (सांगली): गणित मांडावेच, कारण भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. परतणाऱ्या पाण्याच्या रेषा हव्या असतील तर शटर अर्धा ते एक सेकंद उघडे ठेवावे. लाट वळण्याची चाहूल मात्र कॅमेरा न उचलता पाणी पाहत बसल्यानेच लागते.

उत्तर (कराड): सांगलीच्या दादांशी सहमत आहे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात आकाश आणि समुद्राच्या वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून चित्रे छापली, म्हणून कारागिरीला कमी लेखणे मला अन्यायाचे वाटते.

उत्तर (वाई): ट्रायपॉड वाळूत खोल रोवावा, अन्यथा लाटेसरशी चौकट हलते.