'ॲडव्होकेट' म्हणजे वकीलच का?

भाषांतरवाली: अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या बेन विकलर यांचा परिचय मराठीत करतेय. २०१९ ते २०२५ ते तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष होते. त्याआधी 'मूव्हऑन' या राजकीय मोहिमा चालवणाऱ्या संघटनेचं वॉशिंग्टनमधलं काम बघायचे. २०१७ मध्ये ओबामाकेअर, म्हणजे ओबामांच्या काळातला आरोग्यविम्याचा कायदा, रद्द होऊ नये म्हणून झालेल्या निदर्शनांत पुढे होते. 'नॉनप्रॉफिट ॲडव्होकेट'ला मी 'स्वयंसेवी संस्थेचे वकील' लिहिलं. संपादक म्हणतात, वाचकाला कोर्ट आठवेल. 'प्रदेशाध्यक्ष' मात्र चाललं.

कृष्णाकाठ: संपादकांचं बरोबर आहे. 'जनहिताचा पाठपुरावा करणारे' लिहा.

जुनीबखर: वकील का नको? गोविंदराव काळे निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील होते, त्यांचा कोर्टाशी काय संबंध? परक्या दारी आपल्या माणसांची बाजू मांडतो तो वकील. चांगला रुंद शब्द आपण कोर्टाला देऊन बसलोय.

माणदेशी: आमच्या संस्थेत सर्रास 'पैरवी' म्हणतात. रेशनकार्डातून नाव गळलेल्या बाईचा अर्ज तहसीलला द्यायचा, पोच घ्यायची, आवक क्रमांक वहीत टिपायचा, पुढच्या सोमवारी परत जायचं. फारसीत 'पै' म्हणजे पाऊल. पैरवी म्हणजे मागोमाग चालणं. पाठपुराव्यातली 'पाठ' तीच असावी असं मला वाटतं.

जुनीबखर: पैरवी हिंदीतून आलाय. मराठीत रुळलेला नाही.

माणदेशी: तहसीलच्या रांगेत येऊन ऐका, किती रुळलाय ते. आणि वकील तरी कुठला? अरबीच ना?

वऱ्हाडी: मला 'प्रदेशाध्यक्ष'च खटकतं. आपल्याकडे मोठ्या पक्षांचे प्रदेशाध्यक्ष बहुधा दिल्लीहून ठरतात. विकलर यांना राज्याच्या अधिवेशनातल्या प्रतिनिधींनी मतं देऊन निवडलं. हा फरक शब्दात बुडतो.

भाषांतरवाली: खरंय, आणि तो बुडायला नको. २०२० मध्ये बायडन तिथे सुमारे ३३ लाख मतांतून जेमतेम २० हजारांनी पुढे राहिले. अशा राज्यात संघटना बांधणाऱ्याला 'नेमलेला' समजणं अन्यायाचं होईल. 'निर्वाचित राज्याध्यक्ष'?

कृष्णाकाठ: बोजड. आमचे आजोबा 'प्रांतिकचे अध्यक्ष' म्हणायचे.

वऱ्हाडी: तो शब्द काँग्रेसच्या १९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर घट्ट झाला. भाषावार प्रांतिक समित्या तेव्हाच ठरल्या, भाषावार राज्यं फार नंतर आली.

जुनीबखर: पण मराठी मुलखाची समिती एक नव्हतीच. नागपूरची वेगळी, वऱ्हाडची वेगळी.

वऱ्हाडी: म्हणूनच आमच्याकडे नुसतं 'प्रांतिक' म्हटलं की 'कोणती?' असं विचारत. यावर वेगळा धागा काढतो.