शब्दचर्चा: ‘ही ऑलवेज इज लेट’ की ‘ही इज ऑलवेज लेट’?

प्रश्न: ‘आय ऑलवेज फर्गेट’ बरोबर, मग ‘आय ऑलवेज ॲम लेट’ का खटकतं? क्रम तर तोच आहे, सर्वनाम, क्रियाविशेषण, क्रियापद. मराठीत ‘मी नेहमी विसरतो’ आणि ‘मी नेहमी घाईत असतो’, दोन्हीकडे ‘नेहमी’ जागचं हलत नाही. ‘नेव्हर’, ‘ऑफन’, ‘प्रॉबेब्ली’, ‘रिअली’ कुठे बसवायचे याची काही खूण आहे का?

उत्तर: आहे, आणि ती कानाला लवकर सापडते. बोलताना जे क्रियापद सर्वनामाला चिकटतं, त्याच्यानंतर क्रियाविशेषण. जे चिकटत नाही, त्याच्या आधी. ‘आय ॲम’चं ‘आयम’ होतं, ‘शी हॅज’चं ‘शीज’, ‘दे विल’चं ‘देल’. या जोडीत फटच उरत नाही. म्हणून ‘आयम ऑलवेज लेट’, ‘शीज नेव्हर सीन इट’, ‘देल प्रॉबेब्ली कॉल’. ‘फर्गेट’, ‘नो’, ‘ड्रिंक’ ही मुख्य क्रियापदं चिकटत नाहीत, म्हणून ‘आय ऑलवेज फर्गेट’, ‘दे ऑफन नो’. ‘कॅन’, ‘शुड’, ‘मस्ट’ यांची अशी जोडरूपं लिहीत नाहीत, पण तीही साहाय्यकच (मुख्य क्रियापदाच्या मदतीला येणारी), नियम तोच. साहाय्यकं दोन-तीन असतील तर पहिल्याच्या पाठोपाठ: ‘ही शुड नेव्हर हॅव बीन टोल्ड’.

फसगत होते ती ‘हॅव टू’पाशी. ‘आय हॅव ऑलवेज टू वेट’ असं बरेच जण लिहितात, कारण ‘हॅव’ दिसलं की साहाय्यक वाटतं. प्रश्न करून पाहा: ‘डू आय हॅव टू वेट?’ ‘डू’ लागलं, म्हणजे इथे ‘हॅव’ मुख्य क्रियापद आहे. तेव्हा ‘आय ऑलवेज हॅव टू वेट’. शंका आली की जोडरूपापेक्षा ही ‘डू’ची कसोटी भरवशाची.

दुसरं उत्तर: वरचं पटलं, फक्त ‘ऑलवेज इज’वर सरसकट काट मारू नका. ‘यू आर लेट!’ याला उत्तर ‘आय ऑलवेज ॲम’ असंच येतं. ‘आय ॲम ऑलवेज’ नाही. क्रियापदापुढचं सगळं गाळलं की ‘ॲम’वर आपोआप जोर येतो, आणि जोर आला की ते सर्वनामाला चिकटत नाही. ‘आय नेव्हर हॅव’, ‘शी यूज्वली डझ’ यांचं कारण तेच. वैतागून ‘इज’वर जोर देत कोणी ‘ही ऑलवेज इज लेट!’ म्हणालं तर तेही चालतं. अमेरिकी इंग्रजीत जोर नसतानाही साहाय्यकाआधी क्रियाविशेषण आलेलं दिसतं. आज्ञार्थात तर ‘बी’च्या आधीच: ‘ऑलवेज बी केअरफुल’.

प्रश्न: नकारात काय होतं? ‘शी विल प्रॉबेब्ली कम’ बरोबर, पण ‘शी वोन्ट प्रॉबेब्ली कम’ला लाल रेघ का?

उत्तर: कारण नकाराची सावली उजवीकडे पडते. नकाराच्या उजवीकडे जे येतं ते नाकारलं जातं. ‘बहुधा’ तुम्हाला नाकारायचं नाहीये, यायचं नाकारायचंय. म्हणून ‘प्रॉबेब्ली’ उडी मारून डावीकडे जातं: ‘शी प्रॉबेब्ली वोन्ट कम’. ‘स्टिल’चंही तसंच, ‘आय स्टिल डोन्ट नो’. ‘ऑलवेज’ उलट. ‘आय डोन्ट ऑलवेज ॲग्री’ म्हणजे दर वेळी पटतंच असं नाही. इथे ‘दर वेळी’च नाकारायचं असतं. कधीच पटत नसेल तर सरळ ‘आय नेव्हर ॲग्री’. ‘यूज्वली’ दोन्हीकडे चालतं, अर्थामध्ये फारसा फरक पडत नाही.

सगळ्यात जपायचं ते ‘रिअली’ला. ‘आय डोन्ट रिअली लाइक इट’ म्हणजे ‘मला तेवढंसं आवडत नाही’, सौम्य, नाराजी पोटात ठेवून. ‘आय रिअली डोन्ट लाइक इट’ म्हणजे ‘मला मुळीच आवडत नाही’. शब्द तेच, अदलाबदल फक्त दोघांची. कामाच्या ईमेलमध्ये ही अदलाबदल महागात पडू शकते.

प्रश्न: आणि ‘ओन्ली’? ‘मी कालच आलो’चं ‘आय केम यस्टर्डे ओन्ली’ करतात, ते चूक का?

उत्तर: मराठी ‘च’ ज्या शब्दाचा, त्याच्या शेपटीला लागतो. ‘ओन्ली’ शेपटीला सहसा लागत नाही. बोलण्यात ते क्रियापदाआधीच्या नेहमीच्या जागी बसतं आणि बाकीचं काम आवाज करतो: ‘आय ओन्ली केम यस्टर्डे’, जोर ‘यस्टर्डे’वर. सर्वनामाच्या अलीकडे की पलीकडे, यावर मात्र अर्थ बदलतो. ‘ओन्ली आय नो हिज नेम’ म्हणजे त्याचं नाव मलाच माहीत; ‘आय ओन्ली नो हिज नेम’ म्हणजे मला त्याचं नावच माहीत, बाकी काही नाही. लिहिताना आवाज नसतो, त्यामुळे करार, नियमावली असल्या मजकुरात ‘ओन्ली’ ज्या शब्दाला लागू आहे त्याला खेटून ठेवणं बरं. आणि प्रत्येक ‘च’ म्हणजे ‘ओन्ली’ नव्हे. ‘त्यानेच सांगितलं’मधला ‘च’ बहुतेकदा ‘दुसऱ्या कोणी नाही’ एवढंच ठसवतो. तिथे ‘इट वॉज हिम हू टोल्ड मी’ किंवा नुसता ‘ही’वर जोर पुरतो.

‘ऑल्सो’चीही गत तीच. ‘आय ऑल्सो वेंट’ म्हणजे ‘मीपण गेलो’ की ‘(बाकी कामं केली आणि) गेलोही’? ‘मीपण’च म्हणायचं असेल तर ‘आय’वर जोर देऊन ‘आय वेंट टू (too)’ म्हणावं. नकारात दोन्ही सहसा बाद: ‘आय डोन्ट नो आयदर’.

तिसरं उत्तर: एक भर. मधल्या जागेत सगळीच क्रियाविशेषणं मावत नाहीत. ‘वेल’, ‘फास्ट’, ‘हार्ड’ शेवटीच: ‘शी स्पीक्स वेल’, ‘शी वेल स्पीक्स’ नाही. क्रियापद आणि कर्म यांच्यात तर काहीच घुसवू नये. ‘आय लाइक व्हेरी मच टी’ चूक, ‘आय लाइक टी व्हेरी मच’ बरोबर. ‘हार्ड’ मधल्या जागेत बसत नाही म्हणून त्याला ‘ली’ जोडून ‘आय हार्डली वर्क’ केलंत तर वाक्य शुद्धच राहील, फक्त त्याचा अर्थ ‘मी जवळजवळ काम करतच नाही’ असा होईल. अर्जात असं लिहिलं तर स्पेलचेकही वाचवणार नाही.