शब्दचर्चा : प्रेरणा की प्रोत्साहन? आणि ‘टीम’ला काय म्हणावं?

प्रश्न : नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका महाविद्यालयात शिकवते. पुढच्या सत्रात ‘टीम बेस्ड लर्निंग’ पद्धतीने, म्हणजे मुलांनी सत्रभर एकाच टीममध्ये राहून शिकायचं अशा रीतीने, विषय घ्यायचाय. मुलांना द्यायच्या नियमपत्रकात लिहिलंय, ‘विद्यार्थ्यांना प्रेरणा देण्यासाठी गटकार्यास २० गुण राहतील.’ वाक्य खटकतंय, का ते सापडत नाही. शिवाय टीम म्हणजे गट, संघ की चमू?

उत्तर १ : चमू फक्त वर्तमानपत्रात राहतो. नाशिककर म्हणून ‘पथक’ सुचवतो. ढोलपथकात एकाचा ठोका चुकला तर सगळ्यांना कळतो.

उत्तर २ : पथक म्हटलं की मुलं कॉप्या लपवतील! कॉलेजात पथक एकच, भरारी.

उत्तर ३ : खटकतंय ते ‘प्रेरणा’ आणि ‘गुण’ एका वाक्यात आल्यामुळे. गुण, अनुदान, भत्ता हे प्रोत्साहन. ते बाहेरून मिळतं आणि बंद झालं की उत्साहही ओसरतो. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत आतल्या प्रेरणेला तीन गोष्टी लागतात : स्वायत्तता, जमतंय ही भावना आणि आपलेपणा. तेव्हा शब्द बदलण्याआधी नियम बघा. ‘टीम बेस्ड लर्निंग’ ही पद्धत लॅरी मायकेलसन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ओक्लाहोमा विद्यापीठात बसवली. त्यात वैयक्तिक चाचणी, टीमची चाचणी आणि परस्पर मूल्यमापन (टीममधल्यांनी एकमेकांना गुण देणं) यांना किती भार द्यायचा, हे शिक्षकाने आखलेल्या मर्यादेत मुलांनाच ठरवू देण्याची सोय आहे. तुम्ही २० छापून मोकळ्या झालात, मग ‘प्रोत्साहनपर’ लिहा. आकडा मुलांनी ठरवला, तर प्रेरणेचं नाव घ्यायला जागा आहे.

‘गट’ मला नको वाटतो. आपल्याकडे हजेरीपटावरून गट पाडतात, जर्नलवर सही झाली की तो मोडतो. इथे पाच ते सात जण सत्रभर एकत्र राहतात. म्हणून ‘संघ’ बरा.

उत्तर ४ : संघ म्हटल्यावर अर्ध्या वर्गाचं लक्ष भलतीकडे जाईल. ‘टीम’च ठेवा, सगळ्यांना कळतं.

या पद्धतीतल्या ‘अपील’चं मात्र बघा. टीमच्या चाचणीत एखादं उत्तर चुकीचं ठरलं, तर पुस्तकातला आधार दाखवून लेखी म्हणणं मांडता येतं आणि ते पटलं तर त्या टीमला गुण मिळतात. त्याला ‘तक्रार’ म्हटलंत तर कोणी पुढे येणार नाही. एमपीएससीच्या उत्तरतालिकेमुळे ‘हरकत’ मुलांच्या तोंडी आहेच, तीच वापरा.

आणि परस्पर मूल्यमापन. तिथे शब्दापेक्षा भीड आडवी येते, सगळे सगळ्यांना सारखेच गुण देतात. मायकेलसन यांच्या पद्धतीत सरासरी दहा ठेवून गुणांत फरक करावाच लागतो. मुलं त्याला चहाडी म्हणतील. म्हणून ‘कोणी किती काम केलं’ असं साधं लिहा.

प्रश्नकर्ती : टीम आणि हरकत घेतले. २० खोडून ‘१५ ते ३०, नेमके किती ते टीम मिळून ठरवतील’ असं केलंय. ‘प्रेरणा’ वाक्यातूनच काढली.