कॅलासबद्दल थोडी भर

ऑपेरा (म्हणजे गाण्यातून सादर होणारं नाटक) गायिका मारिया कॅलासचं नाव गाण्यापेक्षा ग्रीक जहाजसम्राट ओनासिसबरोबरच्या प्रेमप्रकरणामुळे आणि भांडणांमुळे झालं, असं काही जण म्हणतात. हे मला अजिबात पटत नाही. १९४९ चा जानेवारी महिना बघा. व्हेनिसच्या ला फेनिचे थिएटरात ती जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरातली ब्रुनहिल्डा गात होती. भलामोठा ऑर्केस्ट्रा आणि त्यावर चढणारा दणदणीत आवाज लागणारी ही भूमिका. तेवढ्यात इटालियन संगीतकार बेल्लिनीच्या 'इ पुरितानी' या ऑपेराची गायिका मार्गेरिता कारोसिओ आजारी पडली. संगीत दिग्दर्शक तुल्लिओ सेराफिननी ते काम कॅलासवर सोपवलं. तिला ते येतही नव्हतं! ब्रुनहिल्डाचे प्रयोग चालू असतानाच तिने काही दिवसांत 'इ पुरितानी'ची नायिका एल्विरा बसवली. तिथे सगळा मामला नाजूक, वेगवान तानांचा. एकाच गळ्यातून, एकाच महिन्यात ही दोन टोकं! तेव्हा ती अवघी पंचवीस वर्षांची होती.

हे आकाशातून पडलं नव्हतं. अथेन्समध्ये तिच्या गुरू एल्विरा दे इदाल्गोंनी तिचा गळा हलक्या, चपळ गायकीवर घडवला होता.

आवाज लवकर उतरला, हे खरंच. वरचे सूर डगमगू लागले. १९६५ मध्ये लंडनला पुच्चिनीचा ऑपेरा 'तोस्का' गाऊन तिचं रंगमंचावरचं ऑपेरा गाणं थांबलं, तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती.

ऐकायचंच तर १९५३ चं दे साबातांच्या संगीत दिग्दर्शनातलं 'तोस्का'चं ध्वनिमुद्रण आधी ऐका. दुसऱ्या अंकात तीतो गोब्बीने गायलेल्या खलनायक स्कार्पियासमोर तिचा एकेक शब्द कसा धारदार होत जातो, तिकडे लक्ष द्या.