गेमिंग पीसीलाच मीडिया सर्व्हर केला तर बिघडतं काय?

टिनपाट

परवा इथेच एका महाशयांनी निकाल देऊन टाकला की "गेमिंग पीसीवर मीडिया सर्व्हर चालवणाऱ्याला ना गेमिंग कळतं ना सर्व्हर, दोन मशीनं घ्यायची ऐपत नसेल तर पेनड्राइव्ह टीव्हीला लावा आणि गप बसा". तिथेच उत्तर द्यायला बसलो होतो पण ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय.

ऐपतीचं सोडा. माझ्याकडे रायझन ५ ५६००, ३२ जीबी रॅम, ३०६० चं १२ जीबीवालं कार्ड आणि ८ टीबीच्या दोन डिस्का आहेत. विंडोजवरच जेलीफिन टाकलंय, म्हणजे डिस्कवरचे पिक्चर घरातल्या टीव्ही-टॅबला पाठवणारं मीडिया सर्व्हरचं सॉफ्टवेअर. हॉलमधला टीव्ही आणि आईचा टॅब, एवढेच बघणारे. फाइल टीव्हीला जशीच्या तशी चालत असेल तर सर्व्हरला काम काय असतं हो? डिस्कवरून उचलायचं आणि वायरीत ढकलायचं. फोरके रिमक्स (ब्लूरेवरून आकार कमी न करता उतरवलेली फाइल) झाला तरी सेकंदाला ७०-८० मेगाबिट, त्याच्या कित्येक पट तर साधी हार्ड डिस्क देते. प्रोसेसर जांभया देत असतो. आणि ट्रान्सकोड, म्हणजे फाइल समोरच्याला चालेल अशी जाता जाता बदलणं, करावं लागलंच तर एनव्हिडियाच्या कार्डात एनव्हेंक हा त्यासाठीचा वेगळा भाग असतो, गेम ज्या कोअरवर चालतो त्याला त्याची झळ लागत नाही. मग दुसरं मशीन म्हणजे दुसरा पीएसयू (पॉवर सप्लाय), दुसरी कॅबिनेट, दुसरी रॅम (रॅमचे भाव बघितलेत का सध्या?) आणि वन बीएचकेत ते ठेवायचं कुठे, देव्हाऱ्याखाली?

दोन मशीनं हा हौसेचा मामला आहे, खुशाल करा, पण गरज म्हणून लोकांच्या गळ्यात मारू नका.

लोकल_८_०७

ते महाशय मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

"झळ लागत नाही" हे अर्धंच खरं आहे. एनव्हेंक वेगळा आहे, मान्य. पण फाइल एचडीआर असेल आणि समोरचा टॅब साधा असेल तर टोन मॅपिंग, म्हणजे एचडीआरचे रंग-उजेड साध्या स्क्रीनला बसवणं, करावं लागतं, ते एनव्हेंक करत नाही, ते कार्डाच्या त्याच कोअरवर होतं ज्यावर तुमचा गेम चालू असतो. व्हीआरॅम म्हणजे कार्डाची मेमरीही त्यातलीच खाणार. ब्लूरेची चित्रवाली सबटायटलं टीव्हीला कळली नाहीत की ती चित्रावर जाळून द्यावी लागतात, म्हणजे पुन्हा ट्रान्सकोड. आई सबटायटल लावत नसेल तर तुमचं नशीब.

शिवाय तुमच्या ५६०० ला इनबिल्ट ग्राफिक्सच नाही. इंटेलचा एफ नसलेला प्रोसेसर असता तर क्विक सिंकवर, म्हणजे प्रोसेसरमधल्याच व्हिडिओच्या भागावर, ट्रान्सकोड ढकलून कार्ड मोकळं ठेवता आलं असतं. एकाच डब्यात दोन्ही करायचं तर निदान डबा तरी विचार करून बांधायचा!

आणि मूळ मुद्दा हा नाहीच. गेमिंग पीसी ही रोज उचकायची गोष्ट आहे. आज ड्रायव्हर, उद्या बायोस, परवा अंडरव्होल्ट (व्होल्टेज कमी करून बघणं). गेम हँग झाला की आपण सरळ रीसेट दाबतो, तिकडे हॉलमध्ये चक्र फिरत बसतं. त्यात विंडोज अपडेट. अॅक्टिव्ह अवर्स (विंडोज स्वतःहून रीस्टार्ट करत नाही ते तास) जास्तीत जास्त १८ तास लावता येतात, उरलेले सहा तास त्यांचे.

म्युनिकचा मन्या

तुम्ही लोक कार्ड आणि कोअर करत बसलात, वीज कोणी मोजली का? असला पीसी नुसता बसला तरी ७० वॉट खातो. वर्षाचे झाले ६०० च्या वर युनिट. इथे युनिटला ३५ सेंट धरा, दोनशे युरो गेले, तेही काही न करता. इथे पोरं हजार युरोचं कार्ड घेतात आणि राउटर किती वॉट खातो ते मोजत बसतात, आणि मला आता त्यात काही विचित्र वाटत नाही. इंटेलच्या एन१०० या छोट्या प्रोसेसरचं मिनी पीसी सात-आठ वॉटमध्ये बसतं आणि त्यातही क्विक सिंक आहे, फोरके एचडीआरसुद्धा गपगुमान उलटवतं.

टिनपाट

मन्याभाऊ, तो चोवीस तास चालू ठेवा असं सांगितलं कोणी? रात्री अकराला आम्ही झोपतो, पीसीही झोपतो. दुपारी आईला काही बघायचं असलं तर ती आत जाऊन बटण दाबते, एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) आहे, पाणी प्यायला वेळ लागतो तेवढ्यात चालू. पासवर्ड काढून टाकलाय. चोवीस तास चालू असायला ते काय दवाखान्यातलं मशीन आहे का?

अनुजा_अ

"आई बटण दाबते" 😂 म्हणजे वेक ऑन लॅनच्या (नेटवर्कवरून पीसी जागा करायची सोय) ऐवजी वेक ऑन आई.

माझं ऐका, मी दोन वर्षं हे भोगलंय. आमच्या घरी गेमर मी आणि प्रेक्षक सासरे. त्यांच्याकडे नाटकांच्या आणि कीर्तनाच्या व्हीसीड्यांचं अख्खं खोकं, त्या सगळ्या मी रिप करून ठेवल्या. आता व्हीसीडी म्हणजे एमपेग-१, ३५२ बाय २८८, इवलीशी फाइल, पण आमच्या टीव्हीला ती नीट कळतच नाही, म्हणून प्रत्येक वेळी ट्रान्सकोड. ते ट्रान्सकोड किरकोळ असतं, तक्रार नाही. वाट लावली ती ट्रिकप्लेने. जेलीफिनच्या १०.९ मध्ये ते आलं, मी हौसेने चालू केलं, म्हणजे पुढे-मागे सरकवताना छोटी चित्रं दिसतात ना ती. त्यासाठी ते अख्खी लायब्ररी चावत बसतं. रँक्ड मॅच, शेवटचा राउंड, आणि फ्रेम १८० वरून धाडकन ४० वर. टीममधली पोरं काय बोलली ते इथे लिहीत नाही.

मग शहाणपणा केला, प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी मशीनं चालवणारी सिस्टिम) टाकून विंडोज व्हीएममध्ये, म्हणजे आभासी मशीनमध्ये नेलं, कार्ड पासथ्रू करून थेट त्यालाच दिलं. सगळं झकास. फक्त व्हॅलोरंट चालेना, कारण त्या गेमचं चीटिंग पकडणारं व्हँगार्ड व्हीएममध्ये चालूच देत नाही. विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० पाहिजे, सिक्युअर बूट पाहिजे (दोन्ही मशीनच्या सुरक्षेच्या सोयी), आणि लिनक्सचं तर नाव काढू नका. "एकाच डब्यात नीट वेगळं करून चालवा" म्हणणाऱ्यांनी हे आधी सांगावं.

आता सासऱ्यांचा सर्व्हर माझ्या जुन्या लॅपटॉपवर आहे. भांडण मिटलं.

लोकल_८_०७

अनुजाताई +१. हेच म्हणत होतो.

वायरमन सांगली

जुन्या लॅपटॉपचं बोललात ते बरं झालं. त्यात बॅटरी असते, म्हणजे यूपीएस फुकट. इथे सगळे एनव्हेंक एनव्हेंक करतायत, लाईट गेल्यावर काय करता ते कोणीच बोलत नाही.

लोकल_८_०७

यूपीएस वगैरे आता कशाला लागतो? शेवटची लाईट कधी गेली मला आठवतसुद्धा नाही.

वायरमन सांगली

राहता कुठे?

लोकल_८_०७

दादर.

वायरमन सांगली

तरीच!!! साहेब, तुमच्याकडे २०२० च्या १२ ऑक्टोबरला काही तास लाईट गेली तर देशभर बातम्या झाल्या, चौकशी लागली. आमचं घर तासगावच्या बाजूला मळ्यात आहे, शेतीच्या फीडरवर. थ्री फेज आठ तास, तीही एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. बाकीच्या वेळी सिंगल फेज आली तर आली. वळवाचा पाऊस नुसता ढगात दिसला तरी लाईट गुल. आम्हाला विचारा सर्व्हर म्हणजे काय.

इन्व्हर्टर आहे, १५० एएचची बॅटरी, म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. त्यावर गेमिंग पीसी ४०० वॉटने ओढला तर तीन तास टिकली तरी नशीब, वर घरात पंखे आहेतच. आणि इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर चांगले पीएसयू त्यावर रुसतात, अॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असतं ना. साइन वेव्हचा असला तरी मागे यूपीएस मोडचं बटण असतं ते दाबलेलं पाहिजे, नाहीतर बदलायला जो वेळ लागतो तेवढ्यात पीसी बंद. पीएसयू जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. हे बटण असतं हेच निम्म्या लोकांना माहीत नसतं, इन्व्हर्टर बसवायला येतो तो पोरगाही सांगत नाही.

फुकटचंबू

व्होल्टेजचं पण बोला. आमच्याकडे संध्याकाळी १७० असतं. फ्रिजला स्टॅबिलायझर आहे, पीसीला लावावा का?

वायरमन सांगली

पीसीला नको. पीएसयूवर १०० ते २४० लिहिलंय का बघा, असेल तर १७० ची त्याला भीती नाही. भीती जाण्या-येण्याची. डिस्कवर काही लिहिणं चालू असताना लाईट गेली की दुसऱ्या दिवशी चेकडिस्क करत बसा.

लोकल_८_०७

अहो पण हा धागा मळ्यातल्या थ्री फेजबद्दल नाहीये.

वायरमन सांगली

का? मळ्यातल्या माणसाने पिक्चर बघू नयेत? "घरी सर्व्हर कसा असावा" हे दादरात बसून ठरवायचं आणि आम्ही +१ करायचं, असं आहे का?

लोकल_८_०७

मी असं कुठे म्हणालो? शब्द तोंडात घालू नका. मी एवढंच म्हणतोय की ज्याच्याकडे लाईट जाते त्याने तर दोन मशीनं वेगळी ठेवायलाच पाहिजेत, म्हणजे तुमचं बोलणं माझ्याच बाजूचं आहे. भांडताय कशाला?

वायरमन सांगली

बाजू तुमची असेल, पण बोलायची पद्धत बघा की जरा.

गप्प_बसा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

अनुजा_अ

लॅपटॉपच्या बॅटरीबद्दल मात्र सावध. चोवीस तास चार्जरला लावून ठेवला तर बॅटरी फुगते. माझ्या लॅपटॉपचा टचपॅड वर आला होता, मला वाटलं स्क्रू ढिला झाला. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय सेटिंगमध्ये असेल तर ती लावा, नसेल तर बॅटरी काढून टाका आणि मग तुमचा फुकटचा यूपीएस गेला.

फुकटचंबू

तुमचं चालू द्या, पण मुळात जेलीफिनच का? मी प्लेक्सवर (तसलाच दुसरा मीडिया सर्व्हर) होतो. २०२५ च्या एप्रिलात त्यांनी लाइफटाइम पास १२० डॉलरवरून २५० वर नेला आणि बाहेरून बघायचं असेल तर तेही पैसे दिल्याशिवाय नाही. स्वतःच्या डिस्कवरची स्वतःची फाइल बघायला दुसऱ्याला पैसे. त्यावर कोणी धागा काढेल का?

गप्प_बसा

"स्वतःची फाइल" 😏 येते कुठून हो ही स्वतःची फाइल?

फुकटचंबू

डीव्हीडी. बिलं दाखवू?

टिनपाट

विषयावर या रे. आतापर्यंतचं बघितलं तर माझ्या बाजूने कोणीच नाही असं वाटेल, पण बघा, अनुजाताईंचं भांडण ट्रिकप्लेशी होतं, ते बंद करता येतं किंवा मध्यरात्रीला लावता येतं. वायरमनदादांचं भांडण दादरशी आहे. मन्याचं भांडण जर्मनीतल्या विजेशी आहे. माझ्या घरात, माझ्या लोकांसाठी, एकाच मशीनवर काय अडतंय ते एकानेही सांगितलेलं नाही.

म्युनिकचा मन्या

जर्मनीचं राहू दे, तुझंच घे. झोपवतोस म्हणालास, ठीक. पण फोनमधले फोटो कुठे जातात? इमिच किंवा तसलं फोटो साठवणारं काही टाकलंस की तो डबा चालू ठेवावा लागणार, मग ७० वॉट गुणिले ७२० तास, महिन्याला ५० युनिट. आणि तिकडे स्लॅब आहेत ना? १०० पर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा. उन्हाळ्यात एसी लावून तू आधीच ३०० ला टेकलेला असशील तर हे ५० युनिट अख्खे वरच्या स्लॅबात पडणार. सर्व्हरचा दर सरासरीने नाही काढायचा, शेवटच्या युनिटने काढायचा.

टिनपाट

फोटो मी रविवारी पीसी चालू असताना घेतो, दोन डिस्कांवर. आता "दोन डिस्का म्हणजे बॅकअप नव्हे" हे कोणी सांगू नका, तिसरी कॉपी बहिणीकडे आहे.

स्लॅबचं गणित बरोबर आहे. एवढंच. आनंदाने उड्या मारू नका.

लोकल_८_०७

चला, मीही एक पाऊल मागे घेतो म्हणजे तुम्हाला रात्री झोप लागेल. घरात बघणारं एखाद-दुसरं माणूस असेल, सगळं टीव्हीला थेट चालत असेल, आई बटण दाबायला तयार असेल आणि तुम्ही ड्रायव्हर-बायोस उचकत नसाल, तर एकच मशीन चालेल. एवढ्या अटी पाळणारा गेमर मी अजून बघितलेला नाही ती गोष्ट वेगळी.

टिनपाट

म्हणजे "पेनड्राइव्ह लावा" मागे घेतलं?

लोकल_८_०७

पेनड्राइव्हला वीज कमी लागते, त्यावर मी ठाम आहे.

वायरमन सांगली

टिनपाट, भिंतीच्या सॉकेटला लावायचं वॉटमीटर हजारच्या आत मिळतं. घ्या आणि मोजा, बाकी सगळी हवा आहे. मन्याचे ७० पण हवाच आहे, दोन ३.५ इंची डिस्का फिरत असतील तर नुसत्या त्याच दहा वॉट खातील.

टिनपाट

मागवतो. पिक्चर चालू असताना ६० च्या आत आलं तर दादरकरांनी इथे येऊन जाहीर लिहायचं.

लोकल_८_०७

लिहीन की. फक्त टीव्हीवर पिक्चर चालू आणि टॅबवर सबटायटलसकट दुसरा, दोन्ही एकदम चालू ठेवून मोजा. आणि डाउनलोड बंद ठेवू नका हळूच.

फुकटचंबू

एक विचारायचं होतं, ८ टीबी घेतोय, सीएमआर की एसएमआर (डिस्कवर लिहायच्या दोन पद्धती)?

गप्प_बसा

वेगळा धागा काढा. हात जोडतो.