अँजिओप्लास्टीनंतर बायकांना जास्त त्रास होतो का?

निशिगंध: आईला (वय ६८, शुगर आहे) गेल्या आठवड्यात अटॅक आला, स्टेंट टाकला. बाबांना आधी टाकला होता तेव्हा ते लगेच हिंडाफिरायला लागले, आईची मात्र मांडी जिथून नळी घातली तिथे केवढी काळीनिळी झालीये आणि बसल्या जागी मधूनच दम लागतो. बायकांना स्टेंटचा तेवढा फायदा होत नाही असं कुणीतरी म्हणालं, खरंय का? फार काळजी वाटतेय.

कॅथलॅबकर: स्टेंटमध्ये खोट नाही हो ताई, औषध लावलेले स्टेंट बायकांतही तितकेच चांगले चालतात. फरक पडतो तो आधीच्या गोष्टींनी. बायकांना हा आजार साधारण ७ ते १० वर्षं उशिरा गाठतो, तोवर शुगर, बीपी, किडनी सगळं मागे लागलेलं असतं, हे हिशोबात धरलं की मृत्यूच्या आकड्यांतला फरक बराच कमी होतो. रक्तस्राव मात्र बायकांत जास्तच, कारण नसा बारीक, वजन कमी, आणि रक्त पातळ करायच्या औषधाचा डोस वजन आणि किडनी बघून नाही दिला तर तो जास्त होतो. मनगटातून केलं की हे खूप कमी होतं, पण बायकांची ती नस आवळते पण लवकर, मग मांडीतून जावं लागतं. तिथे गाठ लागतेय का, वाढतेय का, ठणकतेय का बघा, तसं असेल तर आजच सोनोग्राफी करून घ्या.

मृण्मयी_०७: मला राग येतो तो उशिराचा. जबडा दुखतो, मळमळतं, थकवा येतो, आणि घरचे काय ती स्वतःसुद्धा अ‍ॅसिडिटी म्हणून गोळी घेऊन झोपते, हॉस्पिटलला पोचेपर्यंत स्नायू मेलेला असतो. कमी वयाच्या बायकांत तर अटॅकनंतर मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा जास्त आहे.

कॅथलॅबकर: अगदी. आणि निशिगंधताई, गोळ्यांत टिकाग्रेलोर (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) आहे का? त्याने काहींना दम लागतो. पण स्वतःहून बंद करू नका हां, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. हार्ट फेल्युअरने, म्हणजे हृदयाची पंपिंगची ताकद कमी पडल्यानेही दम लागू शकतो म्हणून डॉक्टरांना आजच सांगा. कार्डियाक रिहॅबचंही (अटॅकनंतर देखरेखीखाली व्यायाम आणि सल्ला देतात ते) विचारा, बायकांना तिकडे कमीच पाठवतात.

निशिगंध: हो, टिकाग्रेलोरच आहे! मांडीला गाठही लागतेय थोडी. निघतोय आम्ही दाखवायला.